वादळातलं गिऱ्हाईक

"बाबा, आज दुकान बंद आहे हो!" किती वेळा ओरडून सांगायचं?

बाहेर वादळाने नुसता धुमाकूळ घातला होता. समोरच्या घराचा पत्रा उडून गल्लीत लोळत होता. वीज गेलेली, भर दुपारी घरात अंधार. आणि आमचे बाबा पायांत चपला चढवून दाराच्या कडीशी झटापट करत होते.

"गिऱ्हाईक खोळंबलं असेल. सोड मला. तू कोण रे अडवणारा?"

मी कोण! दुकानात यांच्या शेजारच्याच खुर्चीपाशी उभं राहून लोकांच्या दाढ्या करण्यात आयुष्य काढलेला यांचा मुलगा. पण गेल्या वर्षापासून बाबांना मी ओळखूच येत नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

ओळखत होते तेव्हाही फार बोलायचे अशातला भाग नाही. गिऱ्हाइकापुढे तोंडाचा पट्टा चालू. घरी आले की मिठाची गुळणी. शिवाय दुकानात गर्दी झाली रे झाली की हे चहाला पसार. मी एकटा मान मोडून राबायचो. त्यावरून आमची कितीदा जुंपली असेल!

तेवढ्यात कडी निघाली. दार धाडकन भिंतीवर आपटलं, पावसाचा झोत थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. मी सगळा भार टाकून कसंबसं दार लावलं.

"अहो, ओरडून काय होणार?" बायको म्हणाली. "त्यांना गिऱ्हाईक हवंय ना? मग बसा की तुम्हीच!"

खुर्ची ओढून बसलो. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. "काका, दाढी करायची होती."

बाबा थबकले. चपला काढल्या. "या साहेब. एवढ्या वाऱ्यातून आलात?" आवाजसुद्धा बदलला.

वस्तऱ्यातलं ब्लेड मी आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी अंगठ्याने चाचपलं. "ब्लेड कुठंय? थट्टा करता काय माझी?" टॉर्च धरून उभ्या असलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, दे. होईल ते होईल.

त्यांनी फेस लावला, वस्तरा टेकवला. हनुवटीला कापलंच. "हलू नका साहेब!" उलट मलाच दम. वर तुरटी फिरवली, चांगलीच झोंबली. आणि मग पट्टा सुरू झाला.

"तुम्ही नेहमी माझ्या पोराकडेच बसत असाल. सगळ्यांना तोच हवा असतो. माझी खुर्ची रिकामी असली तरी लोक त्याच्यासाठी थांबतात. हात हलका आहे त्याचा, माझ्यापेक्षा हलका. पण मी समोर असलो की त्यांना संकोच वाटतो, म्हाताऱ्याला काय वाटेल म्हणून. मग गर्दी झाली की मी आपला चहाला जातो. मी नसलो की बसतात बिनधास्त."

वस्तरा गळ्यावर आला.

"त्याला सांगू नका हं. डोक्यावर चढून बसेल."

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. त्या चहाच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडत होतो.

दाढी झाली. बाबांनी टॉवेल झटकला आणि पुन्हा चपला चढवल्या. "बसा तुम्ही. मी जरा चहाला जाऊन येतो."

बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. बायको दाराला पाठ लावून उभी राहिली.

मी उठून खुर्ची पुसली. "काका, तुमचीही दाढी वाढलीय. बसता का?"

"कोण करणार?"

"तुमचा मुलगा. येईलच आता."

बाबांनी गालावरून हात फिरवला. पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि खुर्चीत टेकले.

"तो करणार असेल तर थांबतो," ते म्हणाले. "लागू दे किती वेळ लागायचा तो."