उभा झाडू

प्रेमाबाईंनी जिन्याशी उभा केलेला झाडू उचलला आणि फरशीवर आडवा आपटला. वरच्या मजल्यावरची डेलिया तो रोज उभा करायची, आणि प्रेमाबाई रोज निजवायच्या. उभ्या झाडूने घरात भांडणं लागतात हे गुहागरकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही तर म्हणे इथे आखातात विद्यापीठात शिकवते.

आल्या महिन्यातच बाईने दाराला निळा रंग फासला, अंगणातल्या लिंबाला निळ्या बाटल्या टांगल्या. सागरकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "आई, घर अर्बाबचं, त्या मालकाला चालतं, तुला काय?" आणि गाडी काढून अल खुवैरला ऑफिसात गेला. मुलगा असा, तर सांगायचं कोणाला?

"आजी, तो झाडू चेटकिणीसाठी आहे, निळा रंग आणि बाटल्यापण," बारा वर्षांची ज्ञानदा म्हणाली. "ती स्वतःची स्किन काढते आणि झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसते. पण झाडू दिसला की काड्या मोजत राहते. मग सकाळ होते."

"हे ज्ञान कोणाचं?"

"डेलिया मिसच्या आजीचं. ते लोक गला-गीची. अमेरिकेत आयलंड्स आहेत, तिथे आफ्रिकेतून धरून आणलं त्यांना, भात लावायला. मिस तसल्या स्टोरीज लिहिते, घाबरवायच्या."

"भात लावून आमचीपण कंबर मोडली. आम्ही नाय पुस्तकं छापली."

"तुझ्या बाळाचीपण स्टोरी लिहिलीय तिने."

प्रेमाबाई गर्रकन वळल्या. सागरच्या आधीची ती मुलगी चौथ्या दिवशी गेली. सासू भर बायकांत म्हणाली, आईनेच खाल्ली, हडळ आहे मेली. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, म्हणून आणलेला कोरा कागद आणि लेखणी ताटात तशीच राहिली. हे त्यांनी उभ्या जन्मात एकदाच बोलून दाखवलं होतं, या नातीजवळ.

"चल वर," त्या म्हणाल्या.

गुडघे कुरकुरत होते, तरी कठड्याला हात लावला नाही. दार उघडंच होतं. डेलिया उंच, काळीभोर, पिंजलेल्या कापसासारख्या केसांची. तिने खुर्ची पुढे केली. प्रेमाबाई बसल्या नाहीत.

"विचार तिला, माझी पोर काय हिच्या बापाची?"

ज्ञानदा इंग्रजीत काहीतरी पुटपुटली.

"एवढंसंच? साखर घालू नको त्यात."

डेलियाचा चेहरा उतरला. ती हळू बोलली.

"आजी, ती सॉरी म्हणते. विचारायला पाहिजे होतं."

"सॉरीला काय चाटू? फाड म्हणावं."

डेलियाने टेबलावरचे हाताने लिहिलेले कागद आणून त्यांच्याच हातात दिले.

"तूच फाड म्हणते. कॉपी नाही तिच्याकडे."

प्रेमाबाईंनी कागद चिमटीत धरले. फाडले नाहीत.

"यात मी हडळ आहे?"

"लोक म्हणतात तुला तसं. पण नाहीस. खरी हडळ येते, तेव्हा तू दारात झाडू उभा करून बसलेली असतेस. ती मोजत राहते."

"आणि पोर?"

ज्ञानदाने शेवटचं पान काढलं. "मोठी होते. शाळेत तिचा दात पडतो. हजबंडशी भांडते. मग एकदम म्हातारी होते."

"खोटं आहे सगळं."

"स्टोरी आहे ना आजी."

"नाव काय ठेवलंय?"

"नाव नाही. जागा सोडलीय."

डेलिया काही बोलू लागली. प्रेमाबाईंनी हात वर केला. ते शेवटचं पान तेवढं घेतलं, बाकीचे टेबलावर टाकले.

"सांग तिला, हे माझं. परत मागू नको."

जिना उतरल्यावर त्या थांबल्या. आडवा पडलेला झाडू उचलला, भिंतीला टेकून उभा केला.

"आजी, भांडण होईल ना?"

"व्हायचं ते झालं."

घरात येऊन त्यांनी देव्हाऱ्यातलं ताम्हण रिकामं केलं, त्यात ते पान ठेवलं. इंग्रजीतलं अक्षरही त्यांना लागत नव्हतं. सोडलेली जागा मात्र दिसत होती, ओळीच्या मधोमध, दोन बोटांएवढी.

"तुझं पेन दे. आणि जा बाहेर."

दुसरीत शाळा सुटली होती. प्रेमाबाईंनी पेनचं टोपण काढलं, पदराने हात पुसला, आणि एकेक अक्षर आठवून लिहायला घेतलं.