मिटलेली फुलपाखरं

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटत होता. ‘छे, माझ्या मनात तसं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. होतं, चांगलं भरपूर होतं, आणि सहा महिने पोटात दुखत होतं.

ती म्हणजे आमच्या बालवाडीतली नवीन ताई. मी तिथे बावीस वर्षं शिकवते. मुलं मला बाई म्हणतात, तिला ताई. पहिल्या महिन्यात मी स्वतःची समजूत घातली, नव्याचे नऊ दिवस. नऊ झाले, नव्वद झाले, तरी मुलं आपली तिच्याच अंगाखांद्यावर.

तेही मी गिळलं असतं. पण माझी नात टिल्ली, साडेचार वर्षांची, तिच्या वर्गात. आपलं मूल आपल्या वर्गात नको, असा शाळेचा नियमच आहे. शाळेत तिने मला बाई म्हणायचं, घरी आजी. जन्मल्यापासून मी तिचं सगळं केलं. तिच्या आईला विचारा, ती नाही म्हणणार नाही. आणि आता घरी आल्यावर पायातले बूट निघायच्या आत हिचं सुरू: ताई असं म्हणाली, ताईने तसं केलं, ताई केळं सोलते ना, तर साल एकदाही तुटत नाही! मी काय केळी दातांनी सोलते?

त्यात पालकांचा दिवस आला. त्या दिवसासाठी दारासमोरची मोठी भिंत सजवायची असते. बावीस वर्षं ती माझ्याकडे होती. या वर्षी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “या वेळी भिंत ताईंना देऊ या. फुलपाखरं करणार आहेत म्हणे.”

फुलपाखरं! तीही ठशांची! अहो, हा माझा हातखंडा. जाड कागद दुमडायचा, घडीच्या कडेने अर्धं फुलपाखरू काढून कापायचं, उघडलं की पूर्ण. मग एका पंखावर मुलांनी रंगाचे थेंब टाकायचे, घडी मिटायची, तळहाताने दाबायचं आणि उघडायचं. दुसऱ्या पंखावर तीच नक्षी उमटलेली. मुलं दर वेळी किंचाळतात. खरं सांगायचं तर मीही अजून आतल्या आत किंचाळते. टिल्लीबरोबर मी हे घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर कितीदा केलं असेल.

त्या सकाळी मी कागदाला भोकं पाडायचं पंचमशीन मागायला तिच्या वर्गाच्या दारात गेले. अठरा मुलं जमिनीवर गोल करून बसली होती. ताईने कोरडे रंग वाट्यांत कालवले होते आणि आता त्यांत डिंकाची बाटली ओतत होती.

“डिंकाने छान चकाकी येते,” ती मुलांना सांगत होती, “आणि वाळल्यावर रंग कपड्यांनाही लागत नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या. पण डिंक घातला की घडी मिटली तशी लगेच उघडायची असते, नाहीतर पंखाला पंख धरतो आणि मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकवीस फुलपाखरं कचऱ्यात टाकून शिकले मी.

मुलांनी थेंब टाकले, घड्या मिटल्या, दाबल्या. तेवढ्यात दुधाची घंटा झाली.

“आता कोणी उघडायचं नाही हं!” ताई म्हणाली. “दूध पिऊन येऊ आणि सगळे एकदम उघडू. बघू या काय निघतं आतून!”

‘लगेच उघडा.’ दोन शब्द. माझ्या ओठांवर आले होते. पण मी मिठाची गुळणी धरली. खरंच सांगते, क्षणभरच धरली होती. मग टिल्लीने ताईची बाही ओढली, तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. ताईने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि टिल्लीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझीच नात, माझ्याच देखत, हिच्याशी गुपितं करते! पंचमशीन उचललं आणि चालती झाले. म्हटलं, चिकटू दे. सगळीच्या सगळी चिकटू देत.

अर्ध्या तासाने त्या वर्गातून रडण्याचा एकच कल्लोळ उठला. मी गेले, अगदी काही माहीत नसल्यासारखा चेहरा करून. अठरातली तीन फुलपाखरं कशीबशी उघडली होती. बाकीच्यांचे पंख फाटले होते, लोंबत होते, काहींचा तर नुसता गोळा झाला होता. ताई गुडघ्यांवर बसून पट्टीच्या कडेने एकेक सोडवत होती. तिच्या केसांना डिंक लागला होता आणि डोळे भरले होते. हे बघायला मला फार आवडेल असं मला वाटलं होतं.

टिल्लीच्या दोन्ही हातांत एकेक तुकडा होता. मला बघितल्यावर ती ‘बाई’ म्हणायचं विसरली.

“आजी! मी ताईला सांगितलं होतं, लगेच उघडायचं असतं म्हणून! आपण घरी करतो ना, तसं!”

“हो बाई, सांगितलं हिने,” ताई नाक पुसत म्हणाली. “पण मीच म्हटलं, अगं, तुझ्या आजी दारातच उभ्या आहेत. काही चुकत असतं तर त्या बोलल्या असत्या की.”

तिच्या बोलण्यात टोमणा होता का, ते मी नीट शोधलं. असता तर बरं झालं असतं. नव्हता. म्हणजे ते गुपित हे होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या ते मी बोलते का हे बघायला.

“मग तू का नाही बोललीस?” टिल्लीने विचारलं.

रडणारी मुलंही माझ्याकडे बघायला लागली. मागे दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या माणसाचं नाक कापलं जातं तेव्हा ते असं चारचौघांत कापलं जातं.

“विसरले गं,” मी म्हणाले.

झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन अशी गोष्ट, आणि म्हणे विसरले! टिल्लीचा लगेच विश्वास बसला. मोठ्या बाई म्हणाल्या, “व्हायचंच. वय झालं आता.” अठ्ठावन्न! ताईने तर उठून मला खुर्ची दिली. खरं बोलायला ती चांगली वेळ होती. मी खुर्चीत बसले, कात्री घेतली आणि अठरा नवी फुलपाखरं कापून दिली. या वेळी रंगात डिंक नव्हता. भिंत वेळेवर सजली, वर पाटी लागली, ‘ताईंचा वर्ग’.

पण त्या दिवसापासून टिल्ली बदलली. शाळेतून येताना माझं बोट सोडेना. “आजी, चष्मा घेतलास?” “आजी, आपलं घर इकडे.” घरी आल्यावर खेळायला न पळता माझ्यापाशी बसायची, पाणी आणून द्यायची, दोन्ही हातांनी पेला धरून, अर्धं सांडत. ताईचं नाव आठवडाभर निघालं नाही. खोट्यावर मिळालेलं होतं, मला कळत होतं. तरी मी सुखात होते. म्हटलं, भिंत जाऊ दे तिला, पोर माझी आहे.

काल निघताना ती खाली बसून माझ्या सँडलचा पट्टा लावायला लागली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

“किती गं काळजी माझी तुला!”

“ताईने सांगितलंय,” पट्ट्याशी झटापट करत ती म्हणाली. “आजीला जपायचं, एकटं सोडायचं नाही. रोज विचारते ती, आज आजीसाठी काय केलंस? सांगितलं की हातावर फुलपाखरू काढून देते.”

आणि तिने तळहात उघडून दाखवला. निळं होतं, दोन्ही पंख अगदी सारखे. सुरेख काढलं होतं मेलीने.