दहा टक्के बायका

दुपारचे अडीच वाजले तरी शीनकमरच्या शाळेत, बायकांच्या मतदान केंद्रावर, अकराच मतं पडली होती, तीही सकाळी फाटकावर पहारा बसायच्या आधीची. यादीत नावं सातशे चाळीस. उमेदवार जंदाद वकिलाने मतदारसंघातल्या बाकी केंद्रांवर फोन लावले, आकडे कागदावर मांडले आणि दोनदा पडताळले. एकूण मतदानात बायकांचा वाटा चार टक्के. कायद्याने दहा हवेत, नाहीतर निवडणूक रद्द होऊ शकते.

आणि आज तो जिंकत होता. बावीस वर्षांची वकिली, दोन पराभव, आणि आता कुठे खोऱ्यातल्या बड्या जमीनदाराचे, खानाचे, दोन मुलगे एकमेकांविरुद्ध उभे राहिल्याने मतं फुटली होती. फेरनिवडणूक झाली तर खान दोघांचे कान धरून एकालाच उभा करणार. मग जंदादचं राजकारण संपलंच.

चार दिवसांपूर्वी हुजऱ्यात, पुरुषांच्या बैठकीच्या घरात, पंचांचा जिरगा बसला होता. बायका घराबाहेर पडणार नाहीत, असं सगळ्या उमेदवारांनी कागदावर कबूल केलं. नाही म्हणणाऱ्याला पुरुषांचीही मतं मिळाली नसती. खानाच्या मुलांनी आपापल्या कारकुनांचे अंगठे पाठवले. जंदादने मात्र हाडाच्या वकिली सवयीने पूर्ण नाव, तारीख आणि सनदेचा क्रमांक लिहून सही ठोकली. मतदारसंघातली बाकीची खोरी बायकांचा टक्का भरून काढतील, हा त्याचा हिशेब. तिथेही असेच जिरगे बसले असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तो धावत जिरग्याचे म्होरके शमरोज काकांकडे गेला. काका हुजऱ्यात बाजेवर बसून कहवा पीत होते.

"काका, बंदी उठवा. दोन तासांपुरती."

"बस आधी. धाप लागलीय तुला."

"काका, पाया पडतो."

"तिघांनी मिळून दिलेला शब्द आहे, वकील. तिघं या, उठवतो."

"खानाची पोरं कशाला येतील? मी बुडालो की त्यांचंच भलं!"

"मग सही करताना तुझं कायद्याचं पुस्तक काय शेळीने खाल्लं होतं?"

हुजऱ्यातली माणसं हसली. जंदादही कसनुसा हसला आणि उठला.

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती. "अदे, बुरखा घे," तो आईला म्हणाला, मग बायकोला, "पलवशा, तूही. मत द्यायला चला." आपल्या घरच्या बायका दिसल्या की शेजारच्याही निघतील, एवढीच आशा उरली होती.

आईने सूप खाली ठेवलं. "गेल्या खेपेला मी विचारलं तर म्हणालास, लोक काय म्हणतील. आता लोक मेले का?"

"अदे, नंतर हवं ते बोल."

"येते. पण तू पुढे चालायचं. मागून नाही."

शाळेच्या फाटकावर त्याचाच चुलतभाऊ झरवली दोन माणसं घेऊन बसला होता. तो दचकून उठला. "लाला, हे काय? एकही बाई आत सोडायची नाही, असं तूच सांगितलंस ना?"

"सोड."

"उद्या जिरगा घर जाळेल तुझं."

"झरवली, सोड म्हणतो ना!"

दोघी आत गेल्या. जंदादने गल्लीकडे तोंड केलं. गच्च्यांवर बायका जमल्या होत्या. पदर दातांत धरून त्या फाटकाकडे टक लावून बघत होत्या. त्याने हात वर करून हाक मारली, "बहिणींनो, या! जबाबदारी माझी!" एका गच्चीवरून कोणा पुरुषाने खेकसून बायकांना खाली हाकललं. दुसऱ्या गच्चीवरच्या आपणहून कठड्याआड बसल्या. एकही दार उघडलं नाही.

आई बाहेर आली. अंगठ्याला शाई होती.

"बादलीवर मारलास ना शिक्का?" बादली ही त्याची निशाणी.

"कुठेच मारला नाही. कोरा कागद टाकला पेटीत. तुला डोकी मोजायची होती, माझं एक मोज."

पलवशाने मान खाली घातली. तिने काय केलं, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.

"तेरा," तो पुटपुटला.

पाचला मतदान संपलं आणि झरवलीने फाटक ओढून घेतलं. पुरुषांच्या केंद्राकडे जंदादच्याच माणसांनी विजयाचा ढोल वाजवायला घेतला होता. लोक नाचत त्याला खांद्यावर घ्यायला येत होते. पळून जायला गल्लीला दुसरं तोंड नव्हतं.