चेअरमनच्या कपाळाचा फेस

पोळा होऊन गेला तरी चकलांब्याकडच्या त्या गावात आभाळानं थेंब टाकला नव्हता. टँकर यायचा तो स्वतःच्या मर्जीनं, आणि आला की घागरींची अशी झुंबड उडायची की नुसतं बघणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा. अशा वर्षी शिवकांतानं डोकं धुवायची वडी करायला घेतली. गावानं तिला वेड्यात काढलं, आणि त्यात तिचे सासरे सोमलिंगअप्पा सगळ्यांच्या पुढं.

शिवकांताचं म्हणणं मात्र सरळ होतं. पुडीतल्या शांपूचा फेस बादलीभर पाण्यानंही निघत नाही. हिच्या वडीचा तांब्याभर पाण्यात निघतो. मग दुष्काळात कोणती बरी? शिकेकाईची वडी गोवरीसारखी दिसायची, कुणी हातात धरेना. म्हणून तिनं शेवटी रिठ्याचं पाणी, खोबरेलाचा साबण आणि पांढरी माती यांवर हात बसवला. बचत गटाच्या वच्छलाबाई, बायनाबाई हाताशी होत्याच. वड्यांची घमेली भरली. आता त्या ठेवायच्या कुठं, तर सोसायटीच्या दुकानात. आणि सोसायटीचे चेअरमन कोण, तर सोमलिंगअप्पा.

घरचाच माणूस चेअरमन, म्हणजे काम झालंच, असं बायकांना वाटलं. अप्पांना त्या ओळखत नव्हत्या म्हणायच्या. लोक नावं ठेवतील या भीतीनं हा माणूस घरच्यांनाच आधी आडवा जायचा.

"प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी डोकी कावून धुवायलात?" ते म्हणाले. "आणा ठराव सभंत. तिथंच पाडतो."

ठराव पडला की गटही मोडणार होता. निम्म्या बायका माजलगावकडं खुरपायला जायच्या तयारीत होत्या. लग्न झाल्यापासून शिवकांताला आपलं स्वतःचं म्हणावं असं एवढंच मिळालेलं. ते जाईल या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता.

सभेत दाखवायला तिनं त्यातल्या त्यात देखणी वडी निवडली आणि उंदरांनी कुरतडू नये म्हणून जाळीचं दार असलेल्या देवघरात ठेवली. शेजारीच अप्पांची विभूतीची वडी होती. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मूठभर. सभेच्या दिवशी सकाळी अप्पांनी पूजेसाठी चष्मा काढून ठेवला, बोटं ओली केली आणि कपाळावर झकास तीन पट्टे ओढले. वासानं तरी कळावं, तर तपकीर ओढून ओढून नाक केव्हाच कामातून गेलेलं.

शिवकांता वडी घ्यायला गेली, तर विभूती कोरडी ठणठणीत आणि तिच्या वडीवर बोटांचे ओले माग. ती बाहेर धावली, पण अप्पा कधीच सभेला गेले होते.

सभा लिंबाखाली होती. सगळ्या गावासमोर सासऱ्याला 'कपाळ पुसा' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? बिचारी पदर पुढं ओढून बायकांत बसली. अप्पा ठरावाला विरोध करायला उठले. ऊन मी म्हणत होतं. अप्पांना दरदरून घाम फुटला.

"वडीला फेस येतो," अप्पा गरजले, "अन् फेस धुवायला घागर लागती! कुठून आणू मी घागर?" आणि त्यांनी उपरण्यानं कपाळ खसाखसा पुसलं.

मग काय विचारता! कपाळ पांढरंशुभ्र झालं, भुवया फुगल्या. अप्पा पुसत होते तसतसा फेस वाढत होता.

"अप्पा, फेस दाखवायला सोताचंच कपाळ घेतलं व्हय?" धोंडीराम ओरडला. तो नेहमीच अप्पांच्या विरोधातला.

"काय हाय बे हे? डोळे गेले माजे!" अप्पा चाचपडायला लागले.

आता मात्र शिवकांताला बसवेना. ती उठली, टेबलावरचा प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाली, "मामंजी, खाली वाका." चेअरमन मुकाट्यानं वाकले. तिनं हलक्या हातानं त्यांचे डोळे, कपाळ, भुवया धुतल्या. लेकराला न्हाऊ घालावं तसं. धुता धुता हळूच सांगितलं, "इबूत न्हवं ती, माजी वडी हाय. देवघरात मीच ठिवली होती."

अप्पांनी डोळे उघडले. ते लालभडक झाले होते, पण फेस पार निघाला होता. बायनाबाईनं तांब्यात डोकावून बघितलं आणि आरोळी ठोकली, "अगं बया! अर्धा तांब्या शिल्लक हाय की!"

सभेत एकच गलका झाला. आपण भर सभेत सासऱ्याची शोभा केली, आता ठरावही गेला आणि घरही, असं वाटून शिवकांता मान खाली घालून उभी राहिली. अप्पांनी तांब्या हातात घेतला, कलता करून पाणी निरखलं आणि सभेकडं वळले.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," ते म्हणाले, आणि पहिला हात त्यांचाच वर गेला.

धोंडीराम कसला गप्प बसतोय? "अप्पा, विरोध तर तुमचाच होता की!"

"होता बे. पण भर सभंत सुनंनं धुऊन काढल्यावर माणसानं टिकायचं किती?"

आधी हसली ती शिवकांताच. सासऱ्यादेखत एवढ्या मोठ्यानं हसायची तिची ही पहिलीच खेप, आणि पदर डोक्यावरून कधी घसरला, हेही तिला कळलं नाही.