सुकेळ्याचे पाच तुकडे

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, चटई पुरेल सगळ्यांना. कीर्तन ऐकायला आलात हे मला ठाऊक आहे. बुवा यायला अर्धा तास आहे. तोवर मी एक गोष्ट सांगतो. हिला पेटी नाही, टाळ नाहीत. आवाज थोडा सपाट लागेल माझा. गेले काही महिने तो तसाच लागतो.

मी शांताराम. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहतो. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो आणि उरलेला वेळ भजनाला दिला. जिथे कीर्तन असेल तिथे मी पुढच्या रांगेत. माझी बायको मीरा म्हणायची, "अहो, देवाला एखादा दिवस सुट्टी द्या, त्याचेही कान दुखत असतील." मीराला मधुमेह होता, बारा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई टोचायची. कंटाळली होती ती त्या सुईला.

तर आमच्या जवळच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर हॉल आहे. एका रविवारी तिथे ही गर्दी! चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. आत फलक, 'नादजल संशोधन केंद्र'. भगवी वस्त्रं नाहीत, जटा नाहीत, धूपसुद्धा नाही. पांढरा कोट, हातात रबरी मोजे, कानाला माइक. हे डॉक्टर संकेत. कशाचे डॉक्टर, ते कोणी विचारलं नाही.

"मी बाबा नाही," ते पहिल्याच वाक्यात म्हणाले. "मी चमत्कार मानत नाही. मी फक्त आकडा मानतो!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाबांना आम्ही फसलो नसतो हो. शिकलेली माणसं आम्ही.

मग प्रत्येक मधुमेहीच्या हातात एकेक सुकेळं दिलं. जवळच्या नंदाखाल गावच्या वाडीतलं, पिकलं केळं सोलून उन्हात वाळवलेलं, मधासारखं चिकट. "खायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "हा तुमच्या शरीरातला गोडवा आहे. आपल्या बोटांनी त्याचे पाच तुकडे करा. पंचमहाभूतांना परत द्या." सगळ्यांनी तुकडे करून ताटात ठेवले. लगेच बोटाला सुई, थेंब यंत्रावर. मीराची साखर तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मग हात कोमट पाण्याच्या तांब्याच्या परातीत. हेच ते नादजल. भजन चालेल तोवर हात पाण्यात चोळत बसायचं. त्या दिवशी गाणारा आला नव्हता. मीरानेच मला कोपराने ढोसलं, "म्हणा की, एरवी थांबत नाही तुम्ही." मी एक भजन म्हटलं. टॉवेलने हात पुसून पुन्हा सुई.

एकशे सेहेचाळीस.

"दोनशे बेचाळीसचा उतार!" डॉक्टर ओरडले. "पंधरा मिनिटांत! बुवा, तुमच्या आवाजात काय आहे, कल्पना आहे तुम्हाला?"

नव्हती. पण असावं काहीतरी, असं मला वाटलं. आयुष्यभर पुढच्या रांगेत बसून ऐकणाऱ्याला कोणी बुवा म्हणालं की काय होतं, ते तुम्हाला काय सांगू.

पुढच्या रविवारपासून गाणारा मीच. दोन महिन्यांत शोधनिबंध छापून आला. आंतरराष्ट्रीय नियतकालिक! विज्ञान, वैद्यक, व्यापार, सगळे विषय एकाच अंकात. आमच्या निबंधाच्या आधी सिमेंटच्या विटांवर लेख, नंतर मोबाइल दुकानांतल्या गिऱ्हाइकांच्या समाधानावर. मधोमध आमचा, आणि लेखकांत तिसरं नाव माझं. मीराने ते पान प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी लावलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, आता सुई कशाला? आणि घरचं यंत्र केंद्रात जमा करा, त्याला नादाची सवय नाही, ते खोटे आकडे दाखवतं."

घरी आल्यावर तिने मला विचारलं. एकदाच विचारलं. "अहो, बंद करू का हो?"

मी म्हणालो, "छापून आलंय मीरा."

तिने सुया बंद केल्या.

पायांना तिला आधीपासूनच संवेदना कमी होती. पावसाळा संपताना चपलेतली एक चूक, बारीक खिळा, तळव्यात घुसली, ती तिला कळलीच नाही. घोटा सुजला तेव्हा बघितलं. तेव्हा पाय काळा पडत होता. इस्पितळात अकरा दिवस होती. पाय कापायचं ठरलं त्या सकाळी ती गेली.

मी रडलो नाही. लोक म्हणत, रडा, मोकळे व्हा. मला तर तहानसुद्धा लागत नव्हती. कोणी पेला हातात दिला की पाणी प्यायचो.

महिन्याने केंद्रातून फोन आला. शोधनिबंधाबद्दल माझा सत्कार. मी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. रविवार होता, म्हणून पाय तिकडे वळले असतील.

हॉल भरलेला. डॉक्टरांनी शाल आणली होती. तेवढ्यात दारातून ॲंजेला आली. नंदाखालची ॲंजेला. तिच्या वाडीतून दर रविवारी सुकेळी यायची, पण ती स्वतः वर कधी आली नव्हती; टोपली खाली वॉचमनकडे देऊन जायची. मीराची जुनी ओळख, वीस वर्षं ती आमच्याकडे केळी द्यायची. तिला बातमी खाली वॉचमनकडूनच कळली होती. टोपली कमरेवर तशीच, डोळे लाल.

"दादा," ती मला म्हणाली, "मीराताई गेल्या, आणि मला आज कळतंय?"

मी मान हलवली. डॉक्टर पुढे झाले. "मावशी, बरं झालं आलात. ज्यांच्या हातून हा गोडवा येतो, त्यांचीच आज तपासणी करू!" आणि तिने नको म्हणेपर्यंत बोट धरून सुई टोचलीही. सकाळपासून सुकेळी बांधत असलेलं बोट.

यंत्रावर आकडाच येईना. इंग्रजीत नुसतं 'हाय'. म्हणजे यंत्राच्या मापाबाहेर.

"सहाशेच्या वर!" डॉक्टर माइकमध्ये म्हणाले. "मावशी, तुम्ही जिवंत कशा?"

"तेच मी विचारते," ॲंजेला म्हणाली. "चार मजले चढून आले की. लिफ्ट बंद आहे तुमची."

लोक हसले.

"रोग आतून पोखरतो, मावशी. कळत नाही."

"मागच्या रविवारी आमच्या धर्मग्रामाच्या, चर्चच्या शिबिरात शिरेतून रक्त काढून तपासलं. ब्याण्णव आली साखर. आठ दिवसांत सहाशे? मी काय उसाचा मळा गिळला?"

 मग ती स्वतःची बोटं एकमेकांना लावून सोडवून पाहू लागली. चिकटत होती.

"साबण आहे का इथे?"

"साबण कशाला? नादजल आहे ना."

"मला साबणच पाहिजे."

तिने मोरीत जाऊन उजवा हात कोपरापर्यंत धुतला, पुसला, तोच हात पुढे केला. शहाण्णव.

डॉक्टर हसले. "बघा! नुसत्या हॉलच्या कंपनांनी..."

"थांबा हो," ॲंजेला म्हणाली. "वाडीत नवीन खत आलं की मी अर्धी ओळ त्यावर ठेवते आणि अर्धी तशीच. तेच ऊन, तेच पाणी. मग कळतं खताने काय केलं ते. सगळ्याच झाडांना घातलं तर कुठून कळणार? दादा, तुम्हाला साखर आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"इकडे कधी तपासली?"

मला आठवेना. कारण कधी तपासलीच नव्हती. इतक्या रविवारांत माझ्या हातात सुकेळं कोणी दिलं नव्हतं. मी गाणारा होतो.

ॲंजेलाने टोपलीतलं एक सुकेळं मला दिलं. मी दोन्ही हातांनी त्याचे पाच तुकडे केले. डावा हात तसाच ठेवला. उजवा तिने स्वतः साबणाने धुतला, लहान मुलाचा धुवावा तसा. कोणी भजन म्हटलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मोजे नसलेल्या हातांनी यंत्र धरलं.

डावा हात, तीनशे एकाहत्तर. उजवा, एकशे तीन.

एकच माणूस, एकच रक्त, तीच पाच मिनिटं.

"थेंबाबरोबर बोटावरचं केळंही यंत्रात जातं," ॲंजेला म्हणाली. "यंत्राला काय कळणार, साखर अंगातली की वाडीतली? पाण्यात हात चोळला की ती निघून जाते. राहते ती तुमची खरी साखर."



"हे छापून आलेलं संशोधन आहे!" डॉक्टर म्हणाले. आवाज माइकशिवायही मोठा होता.

"छापून काय येत नाही? माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेत नवऱ्याचं नावच चुकीचं छापलं होतं. म्हणून काय तिला दुसऱ्याशी लावून दिली?"

या वेळी कोणी हसलं नाही. लोक आपापल्या बोटांकडे बघत होते. डॉक्टर यंत्रं गोळा करत म्हणाले, पुढच्या रविवारी सविस्तर उत्तर देतो. तो रविवार आला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, तिचं काम चालू आहे.

मी घरी आलो. भिंतीवर मीराचं कॅलेंडर होतं. दर रविवारच्या चौकोनात तिने दोन आकडे लिहिले होते, आधीचा आणि नंतरचा. आम्ही आयुष्यभर शिकलेली माणसं, पण बघत होतो फक्त दोहोंमधला फरक. डॉक्टर तेच तर म्हणायचे, फरक बघा, फरक! मी पहिल्यांदा फक्त दुसरा आकडा वाचत गेलो. एकशे सेहेचाळीस. ती सुई घेत होती तेव्हाचा, सुईने आणलेला. मग सुई सुटली. एकशे नव्वद. दोनशे एकतीस. दोनशे अठ्ठ्याण्णव. तिची खरी साखर रविवारमागून रविवार चढत होती, तिच्याच अक्षरात, आमच्याच भिंतीवर. मी त्याच्या खाली बसून भजनाचा रियाज करत होतो.

त्या नियतकालिकाला मी पत्र लिहिलं. त्या निबंधातली माझी पत्नी वारली, निबंध खोटा आहे, तो काढा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आदरणीय प्राध्यापक शांताराम, आपल्या मौल्यवान योगदानाबद्दल अभिनंदन. आपली संपादक मंडळावर निवड झाली आहे. शुल्क भरून पुढील निबंध पाठवावा.' पत्र कोणी वाचलंच नव्हतं. निबंधही कोणी वाचला नसेल.

मी अजून भजन म्हणतो. देवाने मला फसवलं नाही. देवाने कधीच सांगितलं नव्हतं की माझ्या गाण्याने साखर उतरते. ते मला ऐकायला आवडलं, इतकंच. भजन देवासाठी आहे, त्याला औषधाचं काम लावू नका. आणि संशोधन हा शब्द ऐकून हात जोडू नका, विचारा. ज्यांना पाणी दिलं नाही, त्यांचं काय झालं? दुसऱ्या कोणी करून पाहिलं का? ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत? नंदाखालच्या वाडीत केळीच्या अर्ध्या ओळीला जे कळतं, ते आपल्याला कळायला हवं. आणि इन्सुलिन आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, मग सांगणारा पांढऱ्या कोटातला असो की तुमचा नवरा असो.

बुवा आले वाटतं. पेटी लागते आहे. एवढंच ऐका आणि मग मी पुढच्या रांगेत जातो.

घरी साखर तपासाल तेव्हा आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा. पाणी बोटांवरून जात असेल तेवढा वेळ, फार नाही, मीराला आठवा. तिने एकदाच विचारलं होतं.