चौथी खूण

फूटपट्टी हे नाव तिला मामांनी दिलं होतं. सुट्टीत मामांकडे आली की ही पोरगी सुतारखान्यातली पट्टी उचलायची आणि दाराची उंची, मांजराची शेपटी, मामीची वेणी, जे समोर येईल ते मोजत सुटायची. पुढे ती कॉलेजात भूगोल शिकवायला लागली, जुन्या नकाशांवर तिने प्रबंध लिहिला, पण मामांच्या घरात ती फूटपट्टीच राहिली. आपणही तिला तेच म्हणू. नाहीतरी या गोष्टीत तिने मोजमापातच माती खाल्ली.

त्या वर्षी तिच्याकडे मनाजोगतं काम आलं होतं. जिल्ह्याचे तीन काळांतले नकाशे कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडले होते. सगळ्यात जुना, साखळीने जमीन मोजणाऱ्यांनी काढलेला आणि हाताने रंगवलेला. दुसरा रेल्वे आली तेव्हाचा. तिसरा विमानातून घेतलेल्या फोटोंवरून केलेला. हे तिन्ही आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे आणि जिल्हा कसकसा बदलत गेला ते बघायचं. फूटपट्टीला जेवणाचं भान राहीना. दलदल होती तिथे शेतं आली होती. गुरांची कुरणं आक्रसत हातरुमालाएवढी उरली होती. दोन वाड्या वाढत वाढत एकमेकींना चिकटल्या होत्या. एक वाडी तर पार नाहीशी झाली होती, आणि तिथला रस्ता मात्र अजूनही नसलेल्या घराला वळसा घालून जात होता.

नकाशावर नकाशा बसवायची रीत सोपी आहे. जुन्यावरही सापडेल, आजच्यावरही सापडेल आणि मधल्या काळात जागचं हललं नसेल, असं काहीतरी शोधायचं आणि दोन्हीकडे त्यावर खूण करायची. खुणेला खूण जुळवली की कॉम्प्युटर जुना कागद ताणून, फिरवून नव्यावर बसवतो, आणि किती चूक राहिली त्याचा आकडा खाली दाखवतो. खुणा निदान चार तरी हव्यातच, हे फूटपट्टी दरवर्षी विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची.

पण सगळ्यात जुन्या नकाशात मामांचं गाव ज्या पानावर होतं, त्यावर तिने स्वतः तीनच केल्या. घंटाघर, मोठी विहीर आणि ओढ्यावरचा पूल. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि आकडा आला होता शून्य. आता तीन खुणांवर हा आकडा नेहमी शून्यच येतो, मग खुणा खऱ्या असोत की खोट्या. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण शून्य दिसलं आणि बाईसाहेब खूश झाल्या. शिवाय त्या शून्यापेक्षा मोठं काहीतरी त्या पानावर दिसत होतं.

जुन्या नकाशात ओढ्याच्या काठाने एक गाडीवाट होती, सगळ्या गावाची. आज ती वाट नाही. आणि नकाशावर नकाशा बसवल्यावर ती वाट नेमकी मामांच्या लाकडाच्या वखारीत, मागच्या दगडी भिंतीच्या आतून जाताना दिसत होती. ती भिंत मामांनी तरुणपणी स्वतः बांधली होती. म्हणजे भिंत बांधताना त्यांनी गावची वाट आत ओढून घेतली होती. मामांनी! मापात पाप नको म्हणून गिऱ्हाइकाला प्रत्येक फळी बोटभर जास्तच कापून देणाऱ्या मामांनी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

फूटपट्टीने ते पान दोन दिवस बाजूला ठेवलं. मग ठरवलं, लपवायचं नाही. इथवर तिला बोल लावता येणार नाही. पुढचं ऐका.

प्रदर्शन मामांच्याच गावच्या सभागृहात होतं. जुनी वाट तिने लाल रेघेने दाखवली होती. हातात काठी घेऊन ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही गावाची वाट. आज ती माझ्या सख्ख्या मामांच्या भिंतीच्या आत आहे." मग टाळ्या. गावच्या मंडळाचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "घरच्यांनाही सोडलं नाही! याला म्हणतात विद्या!" फूटपट्टीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायचं तर चांगलं पसाभर चढलं. चेहरा मात्र तिने दुःखी ठेवला होता.

मामेभाऊ, म्हणजे तिचा दादा, मागच्या रांगेत होता. गर्दी पांगल्यावर तो पुढे आला, लाल रेघेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू नीट बघितलंयस ना?"

"दादा," ती म्हणाली, "चूक शून्य आहे."

तो मान हलवून गेला. वाद नाही, आरडाओरडा नाही. पंधरवड्यात त्याने भिंत पाडली, भिंतीलगतची लिंबाची झाडं मुळासकट उपटली आणि मधून वाट मोकळी करून दिली. वखारीच्या पाटीवर वडिलांचं नाव होतं, त्यावर पांढरा रंग मारला. गावाने त्याची तोंड भरून स्तुती केली. बापाने खाल्लं, लेकाने ओकलं, असंही कोणीतरी म्हणालं. ते ऐकून फूटपट्टीला वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

चूक कळली ती शेजारच्या पानामुळे. सगळा अभ्यास पुस्तकरूपाने छापायचा होता, म्हणून ती एकेक पान दुसऱ्याला जोडत होती. मामांच्या गावचं पान पुढच्या पानाला लावलं तर ओढा जुळेना. एका कागदावरून येणारा ओढा दुसऱ्या कागदावर चक्क एका गाडीवाटेएवढा सरकून पुढे चालू होत होता. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि जी खूण आधीच करायला हवी होती ती चौथी खूण केली, दुसऱ्या विहिरीवर. शून्य गेलं. आकडा असा फुगला की तिने चष्मा पुसला.

मग तिने विमानाच्या फोटोंवरून केलेला नकाशा काढला. पुलाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन काळे ठिपके होते. ते तिने आधीही पाहिले होते. शाईचे डाग समजून प्रदर्शनाच्या प्रतीतून स्वतःच्या हाताने साफ केले होते. ते डाग नव्हते. ते जुन्या पुलाचे उरलेले खांब होते. मधल्या काळात कधीतरी तो पूल पुरात गेला होता आणि नवा वरच्या अंगाला बांधला होता. तिने जुन्या पुलाची खूण नव्या पुलाला बांधली आणि त्या ओढीत सगळा कागद तिरका केला. पायाखालची जमीन सरकली असं आपण नुसतं म्हणतो. हिने खरोखर सरकवली होती.

पुलाची खूण जुन्या खांबांवर नेऊन चारही खुणांवर कागद पुन्हा बसवला, आकडा उतरला, तशी लाल रेघ भिंतीतून बाहेर आली आणि थेट ओढ्याच्या पाण्यात जाऊन पडली. वाट मामांनी खाल्लीच नव्हती. ओढ्याने काठ खात खात खाल्ली होती. उलट, नकाशातली हद्दीची रेघही जागेवर बसल्यावर दिसलं, मामांनी भिंत स्वतःच्या हद्दीच्या आत घेऊन बाहेर एक अरुंद पट्टा सोडला होता, आणि भिंत पडेपर्यंत गाव त्याच पट्ट्यावरून पायी ये-जा करत होतं. फूटपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खुर्चीत बसून राहिली आणि आपलेच शब्द तिला ऐकू येत राहिले. चूक शून्य आहे, दादा. आपण हे इतक्या ऐटीत कसं म्हणालो?

विभागप्रमुखांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, पुस्तकात दुरुस्त करून टाका. तळटीप द्या. गाजावाजा कशाला? उद्या सगळ्याच नकाशांवर लोक शंका घेतील." सल्ला शहाणपणाचा होता. तळटीप कोण वाचतो? पण घरी आल्यावर तिला जेवण जाईना. तिने गावच्या अध्यक्षांना फोन केला आणि शनिवारच्या सभेत बोलायला वेळ मागितला. कशाबद्दल, ते सांगायचं धाडस झालं नाही.

शनिवारी दुपारी ती बसमधून उतरली. वखारीच्या मागे भिंत होती तिथे आता रुंद मोकळी वाट होती. एक बाई सायकलवरून त्या वाटेने आली आणि हिला ओळखून म्हणाली, "तुमच्यामुळे हो बाई! केवढा फेरा वाचला!" फूटपट्टीने मान खाली घातली. बाईला तो विनय वाटला.

दादा वखारीत फळी रंधत होता. तिला बघून तो थांबला.

"ये. सभेला आलीस का? बस."

ती बसली नाही. सगळं रस्त्यात पाठ केलं होतं, पण तोंडातून उलटंसुलटं यायला लागलं. पूल, पूर, ठिपके, खुणा. दादाला काही कळेना. शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या तिवईवर गेली.

"दादा, तीन पायांची तिवई डुगडुगते का?"

"नाही."

"जमीन वाकडी असली तरी?"

"तरी नाही. चौथा पाय लावला की कळतं." सुताराचा मुलगा तो, पुढचं त्याला न सांगता कळलं. "तू तीनच लावले होतेस."

"हो."

"मग वाट?"

"ओढ्यात गेली. भिंत मामांच्या स्वतःच्या जागेत होती. बाहेर जे सोडलं होतं, तेसुद्धा त्यांचंच होतं. दादा, त्यांनी काही केलं नव्हतं."

तो रागावेल, निदान हातातला रंधा आपटेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. त्याने रंधा हळूच खाली ठेवला आणि त्याचा चेहरा असा उतरला की तिला बघवेना.

"मी आईला काय म्हणालो माहितीये?" तो म्हणाला. "ती म्हणत होती, ते असं करणारच नाहीत. मी म्हणालो, तू चोराला पाठीशी घालतेस. चोर म्हणालो मी. बाबांना."

"चूक माझी आहे. आज सभेत सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

"नको."

"नको म्हणजे?"

"नको सांगूस." तो दाराकडे बघून आवाज खाली आणून बोलायला लागला. "तुझ्या पुस्तकात काय सुधारायचं ते सुधार. पण सभेत नको. अगं, चोराचा मुलगा म्हणूनही मला मान वर करून चालता येत होतं, कारण मी फेडलं होतं. आता लोक काय म्हणतील? एक रेघ बघितली आणि बापाला चोर ठरवून मोकळा झाला, असंच ना? मला रोज याच लोकांत उठायचं-बसायचंय. बाबा गेलेत. त्यांना आता काय फरक पडतो?"

आणि खरं सांगायचं तर फूटपट्टीचा जीव भांड्यात पडला. सगळ्या गावासमोर उभं राहायला नको, अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायला नको, आणि तेही दादाच्याच इच्छेखातर! "तुझी तशीच इच्छा असेल तर..." असं ती म्हणूनही गेली. म्हणता म्हणता तिला आपल्या आवाजातला सुटकेचा सूर ऐकू आला आणि कानशिलं तापली. चुकीची लाज वाटली होती, त्याहून ही जास्त वाटली.

"कुणाची इच्छा?"

घर आणि वखार यांच्यामधल्या दारात मामी उभी होती. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. तिने सगळं ऐकलं असावं, कारण काय झालं ते तिने विचारलंच नाही. फूटपट्टी पुढे झाली. "मामी, मी चुकले गं. मामांनी..."

"ते मला काय सांगतेस? ते मला माहीत होतं." मामी मुलाकडे वळली. "तुला लाज वाटते म्हणून हिने सांगायचं नाही, होय रे? त्यांना वाटणार नाही, म्हणून त्यांच्याच अंगावर राहू दे? जो बोलू शकत नाही त्याच्या गळ्यात बांधून आपण मोकळं व्हायचं?"

दादा भुशाकडे बघत राहिला.

"आई, मी पाटी परत रंगवतो. आजच रंगवतो."

"पाटी रंगवशील रे. पण गावाला कोण सांगणार?" मामी फूटपट्टीला म्हणाली, "तू सांगायचंस. तुझं सांग. याने काय केलं तेही सांग. आणि माझंही सांग."

"तुझं काय सांगू मामी? तू तर पहिल्यापासून म्हणत होतीस..."

"तोंडाने म्हणत होते." मामीने दाराची चौकट धरली. "भिंत पाडली त्या दिवशी मी आत बसले होते. दगड पडत होते. आणि माझ्या मनात आलं, खरंच घेतली असेल का यांनी वाट? चाळीस वर्षांचा संसार, आणि तरी आलं. एकदाच आलं. पण आलं."

बाहेर नव्या वाटेवरून कोणाची तरी हातगाडी खडखडत गेली. दादाने डोळ्यांवरून बाही फिरवली. फूटपट्टीला वाटलं, मामीचे पाय धरावेत, पण तेवढंही तोंड तिला उरलं नव्हतं.

मामीने वहाणा पायात सरकवल्या.

"चला," ती म्हणाली. "उशीर झाला की मागे बसावं लागतं, आणि मला पुढे बसायचंय."