हाराखालचा तक्ता

झेंडूचा हार फ्रेमच्या मानानं लांब झाला होता. फ्रेम दीड फूट उंचीची. हार तिच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली येऊन बरोबर मधोमध दाट होत होता. त्यामुळे काचेमागच्या कागदाचं वरचं इंग्रजी शीर्षक दिसत होतं आणि तळाच्या चार ओळींचा निष्कर्ष दिसत होता. मधला आकड्यांचा तक्ता फुलांनी पूर्ण झाकला होता. काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती.

माणसं रांगेनं येत होती, फ्रेमला हात जोडत होती आणि पुढं सरकत होती. आष्ट्यातल्या त्या मंगल कार्यालयात सकाळी नऊलाच तीनशेच्या वर खुर्च्या भरल्या होत्या. संशोधनाच्या लेखाला हार घातलेला मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

व्यासपीठावर धैर्यशील गुरुजी उभे होते. आत भगवा झब्बा, वर डॉक्टरांसारखा पांढरा कोट.

"मला बाबा म्हणायचं न्हाई!" ते गरजले. "बाबा लोक अंगारा देतात. मी पुरावा देतो. इंटरनॅशनल जर्नल! बघा, भिंतीवर हाय. खोटं असतं तर इंग्लिशमधी छापलं असतं का?"

"न्हाई!" सगळं कार्यालय ओरडलं.

"आणि मशीन? मशीन कुणाच्या बापाचं ऐकतं का?"

"न्हाई!"

मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या बाळासोंना, दारातलं गूळ-पाणी घेतलं का विचारून, वर बोलावलं. बाळासो म्हणजे ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांचे मालक, गावात सगळ्यांच्या ओळखीचे. गुरुजींच्या माणसानं त्यांचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि यंत्र माइकपुढं धरून आकडा वाचला. तीनशे सेहेचाळीस. बाळासोंनी 'शर्करामृत' नावाचा कडू काढा एका घोटात प्यायला, तांब्याच्या तस्तात 'संकल्पाच्या पाण्यानं' हात धुतले, दहा मिनिटं डोळे मिटून बसले. पुन्हा टोचलं. एकशे एकाहत्तर.

शिट्ट्या वाजल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं गड्या, धा मिनिटात निम्म्यानं की रं!"

माझ्या शेजारी रामगोंडा मामा बसले होते. माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता, इतके ते महिन्याभरात वाळले होते. डाव्या पायाच्या करंगळीला मामींनी जुन्या धोतराची पट्टी बांधली होती.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "माझंबी असंच झालतं. तीन आठवडं झालं, इंजेक्शनला हात लावला न्हाई."

मामींनी मला सांगलीहून बोलावून घेतलं होतं ते याचसाठी.

"आणि लोकांस्नी मी सांगत असतो," मामा फ्रेमकडं बोट करून म्हणाले, "त्या पेपरात आमच्या प्रीतीचं नाव हाय. तिसरं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. गुरुजींच्या पहिल्या शिबिराला साखर मोजायला विद्यार्थी हवे होते. एका दिवसाचं काम, जेवण आणि प्रमाणपत्र. मी चौसष्ट माणसांची बोटं दोनदा टोचली, आकडे लिहून दिले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. चार महिन्यांनी लेख छापून आला. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आईनं गल्लीत पेढे वाटले. पुढं सार्वजनिक आरोग्याच्या एम.पी.एच.ला प्रवेश घेताना मुलाखतीत त्याच लेखाबद्दल मला शाबासकी मिळाली.

शिबिरानंतर घरी आलो. मामींनी पाट मांडला, मामांचे हात धुऊन पुसले आणि मी माझ्या यंत्रावर मोजलं. चारशे अठरा.

"तुझं मशीन बिघडलंय," मामा म्हणाले.

"मामा, इंजेक्शन आजच चालू करा. आणि हा पाय डॉक्टरांना दाखवूया."

"का म्हणून? काढ्यानं साखर उतरती हे तूच लिवलंयस की. आता कालिजात जाऊन उलटं बोलतीस व्हय?"

"आवं, पोरगी जीव तोडून सांगतीया, ऐका की जरा," सुरेखा मामी म्हणाल्या.

"पोरगी तोंडानं सांगतीया. छापलेलं निराळं सांगतंय. माणूस कवाबी शब्द फिरवतं. छापलेलं फिरतंय का?"

मला तिथंच उत्तर देता आलं असतं. तो लेख कच्चा आहे, अशी शंका मला सहा महिन्यांपूर्वी संख्याशास्त्राच्या वर्गातच आली होती. माझं नाव काढून टाका, अशा अर्थाचं एक पत्र मी संपादकांना लिहूनही ठेवलं होतं. ते पाठवलं नव्हतं. प्रत्येक वेळी मला मुलाखत घेणारे चेहरे आठवत, मग पेढ्यांचा पुडा आठवे. मी मामांच्या पायाची पट्टी बदलली आणि गप्प बसले.

त्याच आठवड्यात कॉलेजात राजनंदिनी मॅडमनी आम्हाला काम दिलं. आरोग्यावरचा कोणताही एक संशोधन लेख निवडायचा आणि दहा प्रश्न विचारून त्याचं परीक्षण करायचं. "शीर्षक आणि निष्कर्ष सगळेच वाचतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मधलं वाचा." वर्गातल्या मुलींनी परदेशातले लेख घेतले. मी माझाच घेतला, आणि कुणाला तसं सांगितलं नाही.

तिसरा प्रश्न होता, अभ्यासात किती माणसं आली आणि हिशेबात किती धरली? लेखात एकेचाळीस. मी मोजली होती चौसष्ट. उरलेल्या तेवीस जणांबद्दल तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'पथ्यभंगामुळे वगळले.' माझी जुनी वही ट्रंकेत होती. काढून पाहिली. ज्यांची साखर उतरली नव्हती, नेमके तेच तेवीस जण. दहा मिनिटांत त्यांनी कोणतं पथ्य मोडलं असेल?

पण उरलेल्या एकेचाळीस जणांचं काय, हे कळेना. त्यांचा आकडा खरोखर उतरला होता. मी स्वतः वाचला होता.

सातवा प्रश्न. दोन्ही वेळचं मोजमाप सारख्याच स्थितीत झालं का? लेखात लिहिलं होतं, 'यंत्र तेच, मोजणारी व्यक्ती तीच.' ती व्यक्ती मी. मी 'होय' लिहायला पेन टेकवलं, पण लिहिण्याआधी तो दिवस तासातासानं आठवून पाहिला.

एप्रिलचं ऊन. कार्यालयाच्या दारात पितळी ताट धरून एक कार्यकर्ता उभा. आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा गूळ-पाणी देतात. एका खड्यानं काय होतंय म्हणून बहुतेक मधुमेहीही घेत होते, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गूळ चमच्यानं कुणी खात नाही. ढेपेचा खडा त्या उन्हात मऊ झालेला. माणसं बोटं चाटत, धोतराला पुसत माझ्या टेबलाशी येत होती. "स्पिरिट नको, काढ्याशी त्याचं जमत नाही," असं गुरुजींनी सांगितलं म्हणून मी कोरड्या कापसानं बोट पुसत होते. मग काढा. काढा चिकट, पेल्याला ओघळ, म्हणून सगळे हात धुऊन येत होते. मग माझं दुसरं मोजमाप.

खोलीतल्या मैत्रिणीच्या डब्यात गूळ होता. मी हात स्वच्छ धुतले, कोरडे केले, मोजलं. ब्याण्णव. गुळाचा खडा चिमटीत धरून खाल्ला, कोरड्या कापसानं बोट पुसलं, त्याच बोटाला टोचलं. तीनशे सदतीस. हात धुतले. चौऱ्याण्णव. तीन वेळा केलं, तीनदा तसंच आलं.

मला मधुमेह नाही. गुळाचा डोळ्यांना न दिसणारा थर बोटावर होता, तो रक्ताच्या थेंबात विरघळला आणि यंत्रानं तोही मोजला. वगळलेल्या तेवीस जणांनी बहुधा गूळच घेतला नव्हता. यंत्राची चूक नव्हती. चूक माझी होती. पहिल्या शिबिरात गुरुजींना हे ठाऊक होतं का, ते मी सांगू शकत नाही. पण आता हात धुण्याला त्यांनी संकल्प हे नाव दिलं होतं आणि गूळ न खाणाऱ्याला ते व्यासपीठावर घेत नव्हते.

परीक्षण वाचून मॅडमनी दार लोटून घेतलं. "सातव्याचं उत्तर फार चांगलं आहे. यातलं तिसरं नाव तुझंच ना गं?"

"हो."

"मग?"

मी मामांचं सांगितलं. मॅडमनी परीक्षणाचे कागद माझ्याकडं सरकवले. मग म्हणाल्या, "वर्गासाठी हे पुरे आहे. आष्ट्यासाठी नाही."

"थोडा वेळ हवाय, मॅडम."

"घे की. पण कुणाचा वेळ घेतेयस, ते बघ."

शनिवारी मामींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, नुसत्या भराभर बोलत होत्या. "करंगळी काळी पडलीया गं. आणि हे म्हणतात, उद्या गुरुजींकडनं दुप्पट काढा घेतो. माझं काय ऐकंनात."

रविवारी पहिल्या एसटीनं गेले. दारात ताट होतंच. मी गूळ उचलला, खाल्ला, पाणी प्यायले आणि सरळ व्यासपीठाच्या पायऱ्या चढले.

"मला तपासा," मी म्हणाले.

गुरुजींनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे व्वा! मंडळी, ह्या कोण माहीत हाय का? आमच्या संशोधिका! पेपरातलं तिसरं नाव! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मामांनी वाजवल्या. थेंब पट्टीला लागला. तीनशे एकोणतीस.

"अगं बया! एवढ्याशा पोरीला?" बायकांत कुजबुज सुरू झाली. गुरुजींचा हात काढ्याच्या बाटलीकडं गेला.

"काढा नको. नळाचं साधं पाणी द्या."

मी सगळ्यांसमोर हात धुतले, ओढणीला कोरडे केले आणि तेच बोट पुढं केलं. गुरुजींचा माणूस आकडा वाचेना. मीच यंत्र माइकपुढं धरून वाचला. पंच्याण्णव.

"आता हे कसलं पाणी?" बाळासो खालून म्हणाले.

"नळाचं. साखर माझ्या रक्तात नव्हतीच, बाळासो काका. बोटावर होती. दारातल्या गुळाची."

"हातचलाखी हाय ही!" गुरुजी ओरडले.

"यंत्र तुमचं, पट्टी तुमची, गूळ तुमचा. माझा फक्त हात."

कुणीतरी फिसकन हसलं. बाळासो वर आले. "मला बघू. आदी धुतो, मग मोजा." धुऊन मोजलं, एकशे सहासष्ट. मग त्यांनी ताटातला खडा चिमटीत चांगला चुरगळला, बोट चाटलं, धोतराला पुसलं. तीनशे अठ्ठावन्न. ते यंत्राकडं पाहतच राहिले. "म्हंजे मी गेल्या येळी कडू प्यालो ते फुकटच की!"

आता हसू सगळीकडं पसरलं. गुरुजींनी माइक घट्ट धरला. "हसताय काय? एक पोरगी खेळ करून दाखवती म्हणून शास्त्र खोटं ठरतं का? जर्नलनं छापलंय! भिंतीवर हाय! ते खोटं हाय का?"

हसू थांबलं. माना पुन्हा फ्रेमकडं वळल्या. निवृत्त सुभेदार नाथाजी उठून म्हणाले, "त्यांचंबी बरोबर हाय. छापलंय त्याचं काय?"

"छापलेलंही तपासायचं असतं, नाथाजी काका," टेबलावरचा दुसरा माइक उचलून मी म्हणाले. "किती माणसं मोजली, किती दाखवली, कशी मोजली, एवढं विचारायचं. हे गुरुजींनाही विचारा, डॉक्टरांनाही विचारा, मलाही विचारा. माझ्या शब्दावर जाऊ नका. घरी गूळ आहे, पाणी आहे. स्वतः करून बघा. पण ज्यांनी औषध सोडलंय त्यांनी तोवर थांबू नका. आजच डॉक्टरांकडं जा."

मामा उठले. डावा पाय टेकवत नव्हते, खुर्चीचा आधार घेऊन उभे होते. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. भ्यालेला होता.

"प्रीती, मी गुरुजींवर न्हाई गं इस्वास ठेवला. तुझ्या नावावर ठेवला. आता तूच सांग. छापलंय त्ये खरं, का तू बोलतीयास त्ये?"

माझ्या हातात माइक होता, पण तो मी खाली ठेवला. मामांना नुसत्या आवाजात ऐकू येत होतं.

"छापलेलं खोटं आहे, मामा. ते मोजलं मी, आणि चुकीचं मोजलं. सहा महिने मला शंका होती आणि मी गप्प बसले, तीही चूक माझीच. आता आधी तुम्हाला दवाखान्यात नेते, आणि तिथं बसून त्या जर्नलला माझ्या नावानं कळवते, की हा लेख मागे घ्या."